पोकळ नळीच्या वळणाची मर्यादा

पोकळ प्लॅस्टिक नळीतून अवरक्त (इन्फ्रारेड) किरण नेण्याविषयीचा नुकताच वाचलेला एक लेख लातूरला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला उपयुक्त वाटला. मात्र अशी नळी ‘हवी तशी वाकवता येते’ हे त्यातील विधान मान्य करता येत नाही. कार्बन डायऑक्साइड लेसरचा १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त किरण नेहमीच्या काचतंतूत (ऑप्टिकल फायबरमध्ये) शोषला जातो, म्हणूनच पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकच्या नळीला आतून चांदीचा व त्यावर सिल्व्हर आयोडाइडचा पातळ थर देऊन तो किरण पोकळीतल्या हवेतून नेतात. परंतु पोकळीची त्रिज्या निम्मी केली की किरणाचा ऱ्हास सुमारे आठपट होतो, आणि वळण जितके तीव्र तितकी त्यात भर पडते. आमच्या विद्यार्थ्यांना (परीक्षेपुरते वाचल्यामुळे) काचतंतूतले पूर्ण आंतरिक परावर्तनच (काचेतला प्रकाश कडेवरून बाहेर न पडता पूर्णपणे आत परतणे) आठवते; इथे ते नसतेच, किरण चांदीच्या भिंतीवरून परावर्तित होत पुढे सरकतो.