गाजरगवत, तुळस आणि तुमची बशी

रानपाखरू (खरं नाव दिलं असतंत तर नावाने हाक मारली असती),

गाजरगवतावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की गाजरगवत, रायमुनिया, रानतुळस ही बाहेरून आलेली मंडळी नुसती भराभर वाढत नाहीत. पानामुळांतून रसायनं सोडून शेजारच्या देशी रोपांची उगवणही दाबतात. तुमचं म्हणणं असं की गाजरगवत पसरतं ते ढिगाने बी धरतं म्हणून, गुरं तोंड लावत नाहीत म्हणून आणि माणसांनी जमीन उकरून ठेवली म्हणून. रसायनांचं प्रकरण प्रयोगशाळेपुरतं. आणि मग ते वाक्य: "काकाजी, जरा वाचत जा. पाल्याचा काढा बशीत ओतला तर घरची तुळसही शेजारचं बी मारेल."

काकाजी म्हणालात, हरकत नाही. वय झालंच आहे. पण काकाजी म्हणायचं आणि त्याच दमात टपली मारायची, ही रीत नागपुरात कधीपासून आली? हाच मुद्दा सरळ विचारला असतात तर त्याचं वजन घटलं असतं का? खाली चौघांनी हसरे चेहरे टाकले, त्यातला एक माझा जुना विद्यार्थी आहे. असो.

मथळ्यातला 'विषप्रयोग' हा शब्द भडक आहे, असंही तुम्ही म्हटलंय. मान्य. बदलतो.

आता तुमच्या बशीकडे येऊ. पहिली गोष्ट, आम्ही काही उकळलं नव्हतं. शाळेत जीवशास्त्र शिकवायचो तेव्हा पोरांकडून गाजरगवताचा पाला रात्रभर साध्या पाण्यात भिजवून घ्यायचो, पावसात भिजतो तसा. ते पाणी एका बशीतल्या मुगाला, नळाचं दुसऱ्या बशीतल्या. दुसऱ्या बशीत मोड लांब, पांढरे. पहिलीत आखूड, टोकाला तपकिरी. त्याच पानाची कड सूक्ष्मदर्शकाखाली धरली की बारीक केस दिसायचे. पार्थेनिन, म्हणजे गाजरगवताचं ते रसायन, तिथेच असतं. पान वाळून गळलं की त्याच्यासकट मातीत जातं.

तुळसही मारेल, म्हणता. मारेलही! मी कुठे नाही म्हटलं? ज्वारीच्या मुळांवरच्या केसांतून सॉर्गोलिऑन नावाचं तेलकट द्रव्य पाझरतं आणि ते कोवळ्या तणांचं प्रकाशसंश्लेषण अडवतं. काटोलकडे आमचं वावर होतं. वडील म्हणायचे, "ज्वारीमागं गहू पेरला का पिवळा पडते." त्यांनी कुठलं जर्नल वाचलं नव्हतं. रसायन सगळ्यांकडेच असतं, प्रश्न समोरच्याला त्याची सवय आहे की नाही हा आहे. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेल्या झाडांना एकमेकांचा जाच सोसायची सवय होते. मेक्सिकोकडून आलेल्या पाहुण्याची आपल्या गवतांना कुठून असणार?

आणि हे बशीबाहेरही तपासलंय. 2000 साली 'सायन्स' या शोधपत्रिकेत कॅलावे आणि ॲशहूग या संशोधकांचं काम आलं. सेंटॉरिया डिफ्यूजा हे युरेशियातलं तण त्यांनी तिकडच्या गवतांसोबत कुंड्यांत वाढवलं आणि अमेरिकेतल्या गवतांसोबतही. अमेरिकी गवतांना त्याने जास्त दाबलं. मग मातीत सक्रिय कोळसा मिसळला, जो अशी रसायनं धरून ठेवतो. अमेरिकी गवतं सुधारली. युरेशियातल्या गवतांना उलट कोळशाने तोटाच झाला. नुसत्या बियांच्या संख्येचा खेळ असता तर कोळशाने काय बिघडणार होतं? युरोपातून अमेरिकेत गेलेली गार्लिक मस्टर्ड ही तणवनस्पती तर रोपांना हातच लावत नाही म्हणा. ती झाडांच्या मुळांना जगवणाऱ्या बुरशीवर घाव घालते, मग कोवळी झाडं आपोआप खुंटतात. हे सगळं मी वाचलेलंच आहे, बरं का.

कुंडी म्हणजे रान नव्हे, असं आता तुम्ही म्हणाल. म्हणा.

अजून एक, हे पुस्तकातलं नाही. लहानपणी धुऱ्यावरचं गाजरगवत आम्ही उघड्या हाताने उपटायचो. माझ्या पापण्या सुजायच्या, कोपराच्या वळीत खाज सुटायची, आणि ते दुखणं अजून पाऊस लागला की परत येतं. सेमिनरी हिल्सला फिरायला जातो तेही बाह्या खाली ओढून. डॉक्टरांनी कारण सांगितलं, तेच पार्थेनिन. जे रसायन धडधाकट माणसाला असं लोळवतं, ते शेजारच्या दोन पानांच्या रोपाला काहीच करत नाही, हे मला कुणी बशीत ओतून दाखवावं.

तुमच्या प्रतिक्रियेतले बाकीचे मुद्दे. पार्थेनिन मातीत काही दिवसांतच विघटित होतं हे मला माहीत आहे. पाला रोज गळतो हे तुम्हालाही असावं. कॅटेचिनवरचा (सेंटॉरियाच्या दुसऱ्या एका जातीच्या मुळांतलं रसायन) 2003 चा शोधनिबंध 'सायन्स'ने 2010 मध्ये मागे घेतला, खरं आहे, पण माझ्या लेखात कॅटेचिनचं नावही नाही. गाजरगवत खाणारे मेक्सिकन भुंगेरे 1984 मध्ये बंगळुरूला सोडले, त्याचा इथे काय संबंध ते कळलं नाही. "धुऱ्यावर तरोटा (टाकळा) दाट झाला की गाजरगवत हटतं, मग तुमचं रसायन कुठे जातं?" हा प्रश्न चांगला आहे, पण त्याला वेगळा लेख लागेल. आणि विदर्भाच्या मातीत, उघड्यावर, हा प्रयोग कुणी केलाय का, असं शेवटी विचारलंत. सगळं इथेच करून बघायचं तर मग शिकवायचं काय?

तुमची दुसरी प्रतिक्रिया मी दाबलेली नाही. तिच्यात तीन लिंक होत्या म्हणून ती आपोआप अडकली. आज सकाळी सोडली आहे, 'काकाजी' वगैरे सगळं जसंच्या तसं ठेवून.