काका, गोळी नक्की कुठली?

औषधे घरपोच पाठवणाऱ्या एका कंपनीच्या वाघोलीतील गोदामात मी फार्मासिस्ट आहे. इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात बर्फाच्या पाकिटांसह निघाले की नाही, ‘शेड्यूल एच-१’ या कडक नियंत्रणाच्या यादीतील औषधाची वेगळी नोंद झाली की नाही, ही कामे शिस्तीत पार पडतात. खरा छळ ग्राहक पाठवतात त्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या फोटोंचा आहे.

डॉक्टरांनी औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत, असा नियम २०१६ साली झाला. तो बहुधा सुवाच्य छापलेला नसावा. मधुमेहाचे मेटफॉर्मिन आणि जंतुसंसर्गावरचे मेट्रोनिडॅझोल यांची इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली तीन अक्षरे सारखी, आणि पुढे डॉक्टरांनी एक लांबलचक लाट काढलेली. शेजारचा आकडा ५०० की ४०० हे दिसले तर उलगडा होतो, परंतु नेमका त्याच जागी फोटो काढणाऱ्याचा अंगठा असतो. डॉक्टरांच्या पदव्या मात्र स्वच्छ वाचता येतात.

दवाखान्यात फोन केला तर डॉक्टर पेशंट तपासत असतात. मग मी ग्राहकाला फोन करतो. ग्राहक, म्हणजे ऑर्डर देणारा मुलगा, न्यू जर्सीत झोपलेला असतो आणि गोळी घेणारे काका कोथरूडमध्ये जागे असतात.

“काका, औषधांच्या कंपनीतून फार्मासिस्ट बोलतोय.”

“आम्हाला काही नको आहे.”

दुसऱ्यांदा फोन केल्यावर काका चष्मा शोधून जुनी स्ट्रिप आणतात आणि त्यावरील किंमत, कारखान्याचा पत्ता, कोरड्या जागी ठेवण्याची सूचना असे सारे काही खणखणीत वाचून दाखवतात. फक्त नाव असलेला तुकडा संपलेल्या गोळ्यांबरोबर कात्रीने कापून केव्हाच टाकलेला असतो.

“पांढरी आहे, गोल आहे, मध्ये रेघ आहे. फार्मासिस्ट ना तुम्ही? मग ओळखा की!”

या वर्णनात आमचे निम्मे गोदाम बसते. तेवढ्यात मागून काकू फोन घेतात.

“मेटफॉर्मिन ५००, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर. आणि हे बघा, मुलाला कळवू नका, पण दिवाळीपासून यांनी ती घेतलेलीच नाही.”

माझ्यासमोरच्या पडद्यावर तीनच पर्याय असतात: ‘खात्री झाली’, ‘फोन उचलला नाही’ आणि ‘ऑर्डर रद्द’.