तेरड्याला नको म्हणणारा मेसेज

पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांच्या ग्रुपवर एक सल्ला फिरू लागतो: अंगणात तेरडा लावू नका, त्याचा रंग तीन दिवस, मधमाश्या मुलांना चावतात, झाडावर अळ्या पडतात, त्यापेक्षा घाणेरी लावा, फुलपाखरं येतील.

तीन दिवसांची गोष्ट एकेका फुलापुरती ठीक आहे. पण पानांच्या बेचक्यात कळ्या धरतच राहतात. जूनमध्ये पेरलेला तेरडा ऑगस्टपासून पाऊस सरेपर्यंत फुलतो. आणि फूल जेवढं टिकतं तेवढ्यात काय काय घडतं! मध असतो मागच्या बारीक, वाकड्या नळीत. तो घ्यायला मधमाशी आत शिरली की छताला चिकटलेले पुंकेसर तिच्या पाठीवर पराग लावतात. पुढे पुंकेसरांची ती टोपी गळते आणि तिच्याखालचा स्त्रीकेसर उघडा पडतो. आता दुसऱ्या फुलावरून आलेली माशी शिरली, की तिच्या पाठीवरचा पराग नेमका तिथे घासतो. अर्थात हे एकेरी फुलाच्या गावठी तेरड्याचं. गुलाबासारखी भरगच्च फुलं दिसायला छान, पण पाकळ्यांच्या गर्दीत मधाची वाट अडते.

फुलावर आलेली मधमाशी सहसा चिरडली गेली तरच डंख मारते. चवताळतात त्या पोळ्याला धक्का लागल्यावर. तेरड्यावर हमखास दिसणारी निळ्या पट्ट्यांची माशी तर मातीत बीळ करून एकटी राहते. तिला राखायला पोळंच नसतं.

अळ्या पडतात, खरं आहे. शेवटाला शिंग असलेली जाड अळी हॉकमॉथ पतंगाची. ते शिंग टोचत नाही. ती पानं खाते, खाऊ द्या.

घाणेरीवर फुलपाखरं येतात, तेही खरंच. पण ती अमेरिकेतून आलेली. तिची फळं खाऊन पक्षी बी रानात नेऊन टाकतात, तिथे ती माजते, आणि पाला खाल्ला तर गुरं आजारी पडतात. कुंपणातल्या एका झुडपाचे परिणाम कुंपणात राहत नाहीत. तेरडा मुळात इथलाच. हात-दीड हात वाढतो, पावसानंतर वाळून जातो, नको तिथे उगवला तर दोन बोटांनी उपटता येतो.

बी हवं असेल तर टपोऱ्या, फिकट पडलेल्या शेंगा मुठीत धरूनच तोडा. नुसत्या स्पर्शाने त्या फुटून बी उडवतात. घरी तेरड्याच्या गौरी बसत असतील, तर विसर्जनाआधी त्या रोपांवरच्या तयार शेंगा काढून घेता येतील.