डबा क्रमांक ९ आणि मंगळवेढ्याचा हुरडा

काका, नमस्कार.

तुम्ही नाव लिहिलं नाहीत, खाली फक्त 'एक जुना सोलापूरकर' आहे. पण मिलच्या भोंग्यावर घरातलं घड्याळ लावायचो असं लिहिलंत, म्हणून काका म्हणते. तुमची प्रतिक्रिया कडक भाकरीसारखी होती. चावायला वेळ लागला, म्हणून उत्तराला आठ दिवस गेले.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. जिओकॅशिंग हा खेळ असा: कुठेतरी वही असलेला डबा लपवायचा, त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर छापायचे, आणि इतरांनी तो शोधून वहीत नाव लिहायचं. आमच्या जिओकॅशिंग क्लबचा डबा क्रमांक ९ शोधायला काका नातवाला स्कूटरवर घेऊन गेले. डबा सापडला नाही. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की हा क्लब म्हणजे चार रिकामटेकड्यांचा कंपू आहे. ओळखीच्यांना डबे आधी सांगतात, नव्या माणसाला कोणी विचारत नाही. गावभर प्लास्टिक टाकून त्याला खेळ म्हणतात, हुतात्म्यांच्या तारखेचं कोडं करतात, आणि भुईकोट किल्ल्याच्या तटातही डबा खुपसलाय.

किल्ल्याचं आधी निकालात काढते, कारण ते खरं नाही. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तिथे आमचा एकही डबा नाही आणि नव्हता. तटाच्या फटीत तुम्हाला काही चकाकताना दिसलं असेल तर ती कुणाची तरी गुटख्याची पुडी असणार. तिचा निषेध तुमच्याबरोबर मीही करते.

आता तुमचा रविवार. तुम्ही लिहिलंत, 'नकाशानं थेट मंगळवेढ्याकडच्या ज्वारीच्या रानात नेऊन सोडलं. नातू म्हणाला, आजोबा, इथं तर नुसती कणसं आहेत. शेतकरी भला माणूस, त्यानं हुरडा खाऊ घातला, नाहीतर पेट्रोल आणि रविवार दोन्ही पाण्यात गेलं असतं.' हे वाचताना आधी हसू आलं आणि लगेच पोटात गोळा आला. कारण डबा क्रमांक ९ सोलापूरच्या मध्यवस्तीत आहे, एका वाचनालयाच्या आवारात. तुमच्या घरापासून कदाचित चालत जाण्याच्या अंतरावर.

काय झालं ते आकड्यांतच दिसतं. क्लबच्या पानावर मी छापलं होतं: उत्तर १७° ४०.५', पूर्व ७५° ५४.६'. म्हणजे १७ अंश आणि साडेचाळीस मिनिटं. या खेळाच्या जागतिक संकेतस्थळावर असंच छापतात, म्हणून मीही डोळे झाकून तसंच छापलं. तुम्ही फोनमध्ये १७.४०५ आणि ७५.५४६ असं भरलंत. कोणीही भरेल. अंशाची साठ मिनिटं असतात, शंभर नाही, म्हणून मिनिटांना साठनं भागावं लागतं: ४०.५ चे होतात ०.६७५ आणि ५४.६ चे ०.९१. खरे आकडे १७.६७५, ७५.९१०. तुम्ही भरलेले आकडे त्यापेक्षा तीसेक किलोमीटर दक्षिणेला आणि जवळजवळ चाळीस किलोमीटर पश्चिमेला पडतात. म्हणजे मंगळवेढा तालुका, आणि या दिवसात तिथे ज्वारीशिवाय दुसरं काय दिसणार! तुमची प्रतिक्रिया वाचून मी कागदावर गुणाकार-भागाकार केला, आणि उत्तर बरोब्बर तुमच्या हुरड्यापाशी आलं.

ही चूक तुमची नाही. मी शाळेच्या भूगोलाचं पुस्तक समोर आहे असं धरून लिहीत होते. कालपासून प्रत्येक डब्याखाली दोन्ही पद्धतीचे आकडे आहेत, आणि 'शहरात' की 'शहराबाहेर' हेही लिहिलंय. एवढा एक शब्द आधी असता तर तुमच्या स्कूटरनं शहराची हद्द ओलांडली नसती.

प्लास्टिकचं म्हणणं मात्र अर्ध्याहून जास्त खरं आहे.

खेळाचा जन्मच थोडा बेशिस्त आहे. अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी सिग्नलात मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली. त्याआधी जागा शंभरेक मीटरनं हुकायची, एका रात्रीत ती दहा-वीस मीटरवर आली. दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, ओरेगन राज्यातल्या डेव्ह उल्मरनं रानात एक बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. आत पुस्तकं, गलोल असलं किडूकमिडूक होतं आणि घेवड्याचा एक डबाबंद टिनही. आजच्या नियमात यातल्या दोन गोष्टी बसत नाहीत: जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय डबा जमिनीत पुरायचा नाही आणि आत खायचं ठेवायचं नाही.

दुसऱ्या नियमाचं कारण आम्ही स्वतः शिकलो. आमच्यातल्या एकानं हिप्परग्याच्या तलावाकडे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर, त्याला विचारून, डबा ठेवला. डबा कसला, शेंगाचटणीची रिकामी बरणी. तीनदा धुतली म्हणाला. धुतली असेल, पण आपली चटणी कशी असते तुम्हाला माहीत आहे, बरणीचा वास जन्मात जात नाही. पंधरा दिवसांनी गेलो तर झाकणावर दातांचे व्रण, बरणी बांधाखाली आणि नोंदवहीचा भुगा. बरणी झाकायला त्यानं जुन्या चादरीचा तुकडा गुंडाळला होता. सोलापूरचा डबा म्हणून त्याला ते फार शोभेल असं वाटलं होतं. तो तुकडा ओला होऊन कुजला होता आणि त्यात मुंग्यांनी घर केलं होतं. बरणी, चादर, भुगा सगळं पिशवीत भरून आणलं. शेतकरी म्हणाला, 'ताई, खजिना यातच होता काय?'

पण ती बरणी आम्ही निदान बघायला तरी गेलो. खरी लाज पुढे आहे. तुमच्या प्रतिक्रियेनंतर आम्ही सगळे डबे फिरून पाहिले. यादीत चौदा होते. पाच जागेवरच नव्हते. दोन होते, पण उन्हानं झाकण वाकडं झालेलं, पावसाचं पाणी आत शिरलेलं आणि वहीचा लगदा. म्हणजे चौदातले सात मेलेले, आणि पानावर मात्र सगळे जिवंत. एका डब्याखाली तिघांनी वेगवेगळ्या महिन्यांत 'सापडला नाही' असं लिहून ठेवलं होतं. आमच्यापैकी एकानंही उठून जाऊन पाहिलं नाही. तुम्ही कचरा म्हणालात, तो शब्द त्या सातांना लागू आहे. डबा ठेवायला अर्धा तास लागतो आणि ठेवणाऱ्याचा फोटो येतो. वही बदलायला मे महिन्यात त्रेचाळीस डिग्रीत जाणाऱ्याचा फोटो कोणी काढत नाही. आमचा क्लब त्या फोटोपुरताच चालला होता.

सातही यादीतून काढले. जे दोन सापडले ते उचलून आणले. पाचांपैकी काही बहुधा कुणी कॅशच्या आशेनं नेले असतील. या खेळाच्या नावातच घोटाळा आहे: जिओकॅशिंगमधलं 'कॅश' म्हणजे इंग्रजीत लपवून ठेवलेला साठा, पण ऐकणाऱ्याला रोख पैसे वाटतात. एकदा बागेच्या वॉचमननं मला विचारलं, 'मॅडम, कसली कॅश लपवताय?' त्या दिवसापासून आम्ही आपला 'डबा'च म्हणतो. आता नियम एकच केलाय: महिन्यातून एकदा जाऊन बघणं जमत नसेल तर डबा ठेवायचा नाही. त्यावर दोघांनी ग्रुप सोडला. सोडू देत.

नवे डबे पारदर्शक घेतलेत, आत काय आहे ते बाहेरून दिसावं म्हणून. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात असाच एक डबा बॉम्ब समजून रस्ता बंद करून उडवावा लागला होता. सोलापुरात तर ठेवणारा माणूस आत जाईल. झाकणावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत लिहिलंय: 'हा खेळाचा डबा आहे. आत वही आणि पेन्सिल आहे. नाव लिहा, जागच्या जागी ठेवा.' तेलुगू ओळ लिहून देणाऱ्या पूर्व भागातल्या आजींनी पुढे 'पैसे नाहीत' असं स्वतःच घातलं. त्यांना अनुभव असावा.

स्टेशन, एसटी स्टँड, शाळा, देवळं इथे डबा नाही. नान्नजच्या माळावरही नाही. ते माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९ पासून आहे. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. तिथे गवतात पाय फिरवत डबा शोधणारी माणसं सोडण्यापेक्षा खेळ बंद झालेला बरा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसात होम मैदानाच्या आसपासचा डबाही आम्ही उचलून घरी ठेवतो. एवढ्या गर्दीत झुडपात हात घालणारा माणूस खिसेकापूच दिसणार.

आता हुतात्म्यांच्या तारखेचं कोडं. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. तुम्ही लिहिलंत, 'चार पुतळ्यांपाशी पोरं मोबाईल घेऊन घुटमळतात, हात जोडत नाहीत.' कोडं असं होतं: सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी झाली ती तारीख शोधा, तिच्यातले आकडे सूत्रात घाला, की डब्याची जागा मिळते. तारीख १२ जानेवारी १९३१. ते सोडवायला आलेला एक इंजिनिअरिंगचा मुलगा रोज त्या चौकातून कॉलेजला जायचा. त्याला चौघांतलं एकही नाव सांगता येईना. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा ही नावं त्यानं तिथे उभं राहून वहीत उतरवली. मग मला विचारलं, 'मार्शल लॉ म्हणजे काय, आपल्या गावात कशाला लावला होता?' कट्ट्यावर बसून इंग्रजांनी लष्करी अंमल लावलेलं १९३० चं सोलापूर त्याला सांगता सांगता तासभर गेला. डबा शोधायला तो त्या दिवशी गेलाच नाही. त्यानं हात जोडले का, ते माझ्या लक्षात नाही. कोडं ठेवणार आहे. मात्र डब्याच्या पानावर 'धमाल कोडं' असं लिहिलं होतं तो शब्द काढलाय. तो तुम्हाला खटकला तो बरोबर खटकला.

राहिला कंपू. तुमच्या नातवानं ग्रुपवर 'आम्ही आलो तर चालेल का' असं विचारलं आणि आठ दिवस उत्तर नाही, हे मी ग्रुपमध्ये वर सरकवत जाऊन पाहिलं. खरं आहे. त्याच्या प्रश्नाखाली सुप्रभातचे अकरा फोटो आहेत. आणि ओळखीच्यांना आधी सांगण्याबद्दल: डबा पहिल्यांदा शोधणाऱ्याचं नाव वहीत पहिल्या ओळीवर येतं, त्याचं या खेळात फार कौतुक असतं. डबा क्रमांक ६ च्या वहीत पहिलं नाव माझ्या भाच्याचं आहे. जागा त्याला मीच आदल्या रात्री जेवताना सांगितली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दोन कॉलेजची मुलं तिथे पोचली तेव्हा वहीत नाव आधीच होतं. त्यांना शंका आली, ती बोलली नाहीत, आणि पुन्हा आली नाहीत. भाच्याला आता ते आठवतही नाही. मला ती वही दिसली की आठवतं.

म्हणून तुमच्या नातवाला नवा डबा आधी सांगणार नाही. पण डबा क्रमांक ९ अजून जागेवर आहे, मी परवाच वही बदलली. वाचनालय सोमवारी बंद असतं. ग्रंथपालांना विचारायचं नाही, ते सांगून टाकतात. आणि सात जागा रिकाम्या झाल्यात, तर त्यातली एक तो चालवणार असेल तर त्याच्या नावावर करू. आधीच्या डब्यापासून १६१ मीटर अंतर हवं, जागेच्या मालकाची परवानगी हवी, आणि महिन्यातून एक फेरी मारायला तुम्ही स्कूटर द्यायला हवी.

येत्या रविवारी सकाळी सातला आम्ही हुतात्मा बागेच्या दाराशी जमतोय. येणार असाल तर पेन्सिल आणा, पेन नको. दमट हवेत वहीवर शाई पसरते.