शूट करून नाही, एडिट करताना कळतं
"मोबाईल उचला आणि शूट करत सुटा, बाकी आपोआप येतं" हे पहिली शॉर्टफिल्म कशी करावी यावरच्या एका लेखातलं वाक्य मला अर्धंच पटलं. मी तसंच केलं होतं. पहिल्या शॉर्टफिल्ममध्ये टेबलाशी समोरासमोर बसलेल्या दोन भावांचं भांडण होतं. शूटच्या दिवशी सगळं झकास वाटलं. एडिटला बसलो तेव्हा कळलं, मधेच कॅमेरा १८० अंशांची रेषा, म्हणजे दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा, ओलांडून पलीकडे गेलाय. क्लोजअपमध्ये दोघंही उजवीकडेच बघतायत, जणू तिसऱ्याच कुणाशी भांडतायत! त्यात रिकाम्या खोलीचा आवाज, म्हणजे रूम टोन, सगळ्या कटांखाली सलग लावायला अर्धा मिनिटही रेकॉर्ड केला नव्हता. मग काय, दर कटला पंख्याची घरघर बदलायची.

लेखात एडिटिंगचं नावही नाही, हे खटकलं. पहिली फिल्म दुसऱ्या कुणाला एडिटला देऊच नका, मित्र फुकटात करून देत असला तरी. पुढच्या वेळी मी आधी कागदावर टेबल, दोन माणसं आणि मधली रेषा काढली, कॅमेऱ्याच्या सगळ्या जागा एकाच बाजूला ठेवल्या. आणि संवाद संपला की लगेच 'कट' ओरडायची सवय सोडली. मोठा भाऊ मान खाली घालतो तो शॉट त्या जास्तीच्या चार सेकंदांतच मिळाला.