नोकरी सुटली की सोडली?

शाळेत कर्तरी, कर्मणी आणि भावे हे तीन प्रयोग माझ्या डोक्यात कधी शिरले नाहीत. शिरले ते थेट चाळिशीत, नोकरी गेल्यावर.

मुलाखतीचा सराव घ्यायला मी बायकोला बसवलं होतं. तिने चष्मा नाकावर ओढला, माझा सीव्ही उत्तरपत्रिकेसारखा समोर धरला आणि एरवी मला 'अरे' म्हणणारी बाई एकदम 'तुम्ही'वर आली.

"आधीची नोकरी का सोडलीत?"

"सोडली नाही. सुटली."

"सुटली म्हणजे? गाडी सुटते तशी?"

"कपात झाली."

"केली कोणी?"

इथे मी अडलो. खाकरून सुरुवात केली, की 2022 पासून व्याजदर वाढत गेले, महासाथीच्या काळात स्वस्त पैशावर केलेली भरती कंपन्यांना जड झाली, जानेवारी 2023 मध्ये गूगलने 12,000 आणि मायक्रोसॉफ्टने 10,000 माणसं कमी करायचं जाहीर केलं. एवढ्या मोठ्या आकड्यांच्या आडोशाला माझ्यासारखा एकटा माणूस सहज लपेल, असा हिशेब होता.

"तुम्ही यातल्या कुठल्या कंपनीत होतात?"

"कुठल्याच नाही."

"मग तुमच्या पत्रात काय लिहिलं होतं?"

"'आपले पद प्रभावित झाले आहे.'"

"वा! प्रभावित पद झालं आणि घरी मात्र तू बसलास." ती 'तुम्ही' विसरली.

पण खोच तिथेच होती. काढणाऱ्याने असं वाक्य रचलं होतं की त्यात कर्ता शोधून सापडू नये. आणि नवी नोकरी मागायला गेलं की नेमकं उलट. तिथे प्रत्येक वाक्यात कर्ता हवा आणि तो मीच हवा. त्यासाठी 'स्टार' नावाची पद्धत आहे. सिच्युएशन, टास्क, अ‍ॅक्शन, रिझल्ट या क्रमाने आपला पराक्रम सांगायचा आणि 'आम्ही केलं' म्हणायचं नाही, 'मी केलं' म्हणायचं. आमच्या पिढीवर संस्कार असा, की स्वतः केलेल्या चांगल्या कामालाही 'झालं आपलं' म्हणावं. फुटलेल्या कपबशीलाही तेच क्रियापद लागू असे, ही गोष्ट वेगळी.

सरावासाठी मी सर्व्हर बंद पडल्याच्या रात्रीचा किस्सा निवडला. "मी प्रसंगावधान राखून संघाला दिशा दिली आणि चार तासांत यंत्रणा पूर्ववत केली."

"ती रात्र ना? त्या रात्री तू या खोलीत येरझारा घालत फोनवर 'आता काय करायचं रे, आता काय करायचं' एवढंच म्हणत होतास. झोप उडाली होती माझी."

"तीच दिशा," मी म्हणालो. तिने सीव्हीच्या कोपऱ्यात लाल पेनने काहीतरी लिहिलं. ते मला दाखवलं नाही.

अर्थात सीव्ही माणसापर्यंत पोहोचला तर हे सगळं. आधी तो सॉफ्टवेअर वाचतं. मी दोन रकान्यांचा, रंगीत, देखणा सीव्ही केला होता. अपलोड केल्यावर समोर फॉर्म उघडला, त्यात नावाच्या जागी 'वरिष्ठ व्यवस्थापक' होतं आणि शेवटच्या पदाच्या जागी 'पोहणे'. मग जो सीव्ही नुकताच चढवला, तोच पुन्हा रकान्या-रकान्यांत हाताने टाइप केला. जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे वापरा, असं सगळे जाणकार सांगतात. लिओनार्दो द विंचीने हे फार आधी ओळखलं होतं. 1482 च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्यासाठी लिहिलेल्या अर्जवजा पत्रात त्याने पूल, तोफा, झाकलेले युद्धरथ असे आपले गुण ओळीने मांडले, कारण गिऱ्हाईक लढाया करणारं होतं. चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी. मी माझ्या सीव्हीत शेवटी काय आहे ते पाहिलं. पोहणेच होतं.

मामांचा फोन अधूनमधून येतो. त्यांना एका अर्जात नोकरी लागली होती आणि त्याच खुर्चीतून ते निवृत्त झाले. "अरे, नजरेला नजर देऊन बोल," एवढा एकच सल्ला ते गेली अनेक वर्षं देतात. त्यांना कसं सांगू, की परवाच्या फेरीत पलीकडे माणूसच नव्हता! कॅमेरा, पडद्यावर प्रश्न, विचार करायला तीस सेकंद आणि उत्तराला दोन मिनिटं. मी त्या हिरव्या ठिपक्याच्या नजरेला नजर दिली. ठिपका डगमगला नाही.

शेवटी एके ठिकाणी पाचव्या फेरीपर्यंत पोहोचलो. समोर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान मुलगा होता, पण भला. नोकरी कशी गेली हे त्याने विचारलं आणि मी एका दमात म्हणालो, "मला काढलं." बायकोने महिनाभर घोटून घेतलेलं वाक्य होतं. तो बिचारा इतका गडबडला, की पुढचा प्रश्नच विसरला. मग मीच विचारलं, "ही जागा रिकामी कशी झाली?"

"ती... म्हणजे आधीचे जे होते, त्यांची भूमिका... एकूण रचनेत बदल होत गेला."

आठवड्याने ईमेल आला: 'सदर पदाची भरती तूर्त स्थगित ठेवण्यात आली आहे.' कोणी ठेवली, विचारू नका. मी बायकोला वाचून दाखवला. "भावे का रे हा?" तिने विचारलं. मी म्हणालो, बहुतेक कर्मणी.

तीन आठवड्यांनी त्याच मुलाचा मेसेज आला. 'सर, माझं पद प्रभावित झालं आहे. ओळखीत काही असेल तर सांगाल? मुलाखतीची तयारी तुम्ही कुठे केलीत?'

बायकोने मेसेज दोनदा वाचला आणि चष्मा नाकावर ओढला.

"उद्या रात्री नऊला व्हिडिओ कॉलवर ये म्हणावं," ती म्हणाली. "आणि माझा लाल पेन कुठे ठेवलास?"