आकाशातला चाकरमानी

विमानाचे एक इंजिन ऐन उड्डाणाच्या क्षणी बंद पडले तर काय करायचे, याची परीक्षा मला ठरावीक काळाने सिम्युलेटरमध्ये द्यावी लागते आणि आजवर तीत मी कधी नापास झालेलो नाही. पण 'तुम्ही राहता कुठे?' या बालवाडीतल्या मुलालाही पाठ असलेल्या प्रश्नावर मी दरवर्षी मार्च महिन्यात न चुकता गटांगळ्या खातो. हा प्रश्न विचारतात आमचे करसल्लागार. वयाने वडीलधारे असल्यामुळे आमच्या भागातले सगळेच त्यांना काका म्हणतात. माझे विवरणपत्र हाती घेण्यापूर्वी काका आधी चष्मा पुसतात आणि मग चहा मागवतात. पंधरा मिनिटांच्या कामाला ते चहा मागवत नाहीत, हे मला अनुभवाने कळले आहे.

अडचण माझ्या नोकरीतच आहे. मी अमेरिकेतल्या एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर आहे, म्हणजे खांद्यावर तीन पट्ट्या आहेत आणि चौथी सीनिऑरिटीच्या यादीत कुठेतरी माझी वाट पाहत बसली आहे. बायको, मुलगा आणि घराचा हप्ता न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये; कंपनीने दिलेला बेस मात्र शिकागोला. त्यामुळे ड्यूटीच्या आदल्या संध्याकाळी नूआर्कला जायचे, कुठल्यातरी विमानात रिकामी खुर्ची किंवा कॉकपिटमधली जंपसीट, म्हणजे जादा घडीची खुर्ची, मिळवायची आणि ओहेअर विमानतळाजवळच्या क्रॅशपॅडवर रात्र काढायची, असा क्रम चालतो. वैमानिकांच्या मुक्कामाच्या जागेला 'क्रॅशपॅड' हे नाव ज्याने दिले, त्याला शुभ-अशुभाची चाड नसावी. तीन खोल्यांच्या घरात दुमजली लोखंडी पलंग, भिंतीवर कोणाचे दूध कोणते याविषयीच्या चिठ्ठ्या आणि बारा जणांत दोन न्हाणीघरे. जास्त भाडे देणाऱ्याला स्वतःचा पलंग मिळतो, त्याला 'कोल्ड बेड' म्हणतात. कमी देणाऱ्याने जो रिकामा असेल त्यावर स्वतःची चादर पसरायची, तो 'हॉट बेड', कारण आधीचा माणूस नुकताच उठून गेलेला असतो.

आजोबांची आठवण मला इथे हटकून येते. राजापूर तालुक्यातले आमचे आजोबा परळच्या एका गिरणीत कामाला होते आणि एका खोलीत पंधरा-वीस जणांबरोबर राहत. रातपाळीवाले कामावर गेले की त्यांच्या वळकटीच्या जागी दिवसपाळीवाले पसरत. जेवण खाणावळवाल्या बाईंकडे, आणि गणपतीला व शिमग्याला गाव. नातू अमेरिकेत जाऊन वैमानिक झाला याचे घरात फार कौतुक होते. नातू नेमका त्याच वळकटीत जाऊन झोपला आहे हे मी अजून कोणाला सांगितलेले नाही. फरक एवढाच, की आजोबांना 'तुमचं घर कुठलं?' असे विचारले तर ते क्षणाचाही विलंब न लावता गावाचे नाव सांगत आणि त्या उत्तरावर कोणत्याही सरकारने कधी व्याज लावले नाही.

माझी मात्र एकाच वेळी तीन घरे आहेत. विमान कंपनीच्या भाषेत माझे 'डोमिसाइल' शिकागो आहे, कारण तिथून माझी ड्यूटी सुरू होते. राज्यांच्या कर कायद्यातही 'डोमिसाइल' हाच शब्द आहे, पण तिथे त्याचा अर्थ कायमचे घर, जिथे माणूस फिरून फिरून परततो ती जागा, म्हणजे एडिसन. आणि केंद्रीय आयकर खात्याच्या लेखी 'टॅक्स होम' नावाची तिसरीच वस्तू असते. माणसाचे कामाचे मुख्य ठिकाण ते त्याचे टॅक्स होम, मग त्याची बायकामुले कुठे का राहत असेनात. म्हणजे माझे करविषयक घर ओहेअरजवळचा तो वरचा पलंग आहे. याचा परिणाम असा, की त्या पलंगाचे भाडे कधीच वजावटीला पात्र नव्हते, कारण स्वतःच्या घरी राहण्याचा खर्च हा काही प्रवासखर्च नव्हे. आणि एडिसनहून शिकागोला जाण्याचा खर्चही नव्हता, कारण लांब राहणे ही तुमची हौस. हे मला पहिल्यांदा समजावून सांगताना काका म्हणाले, "अरे, सरकारच्या मते तू घरून निघून घरी जातोस आणि मध्ये उगाच एडिसनला तुझे लोक राहतात."

वजावटींचा विषय निघाला की मी डबा उघडतो. हा बटर कुकीजचा निळा पत्र्याचा डबा आहे. सर्वसामान्य मराठी घरात त्यात सुईदोरा असतो, आमच्याकडे पावत्या आहेत. गणवेशाच्या ड्राय क्लीनिंगच्या, हेडसेटच्या, युनियनच्या वर्गणीच्या, आणि चाळिशी उलटल्यामुळे दर सहा महिन्यांनी कराव्या लागणाऱ्या प्रथम श्रेणी वैद्यकीय तपासणीच्या. २०१७ सालापर्यंत या डब्याला मान होता. तेव्हा २१०६ क्रमांकाचा एक फॉर्म असे आणि कंपनीने न भरून दिलेला नोकरीचा खर्च त्यात दाखवता येई. काका एकेक पावती उचलून उलटतपासणी घेत.

"हे काळे बूट. लग्नाला घालता येतील?"

"येतील."

"मग वगळले. आणि ही टोपी?"

टोपी आणि खांद्यावरच्या पट्ट्या मात्र बिनबोभाट मंजूर होत, कारण नियम असा होता की कपडा नोकरीसाठी सक्तीचा हवा आणि एरवी वापरण्याजोगा नको. खांद्यावर तीन सोनेरी पट्ट्या लावून एडिसनच्या देशी बाजारात, ओक ट्री रोडवर, कोथिंबिरीची जुडी घ्यायला कोणी जात नाही, हे सरकारलाही मान्य होते.

खरी गंमत जेवणात होती. मुक्कामाच्या गावी दिवसाला ६३ डॉलर हा त्या काळी वाहतूक क्षेत्रासाठी सरकारने मानलेला दर होता. समजा कंपनीने ५० दिले, तर उरलेल्या १३ डॉलरांचे ८० टक्के, म्हणजे १० डॉलर ४० सेंट, वजावटीसाठी धरता येत. इतर नोकरदारांना ५० टक्केच मिळत. आम्हाला जास्त का, तर आमचे कामाचे तास परिवहन खात्याच्या नियमांनी बांधलेले असतात म्हणून. हे सगळे मिळून एकूण उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर जेवढे जाईल, तेवढेच प्रत्यक्षात कामी येई. एका फेब्रुवारीत मी लॉगबुक घेऊन वर्षभरातल्या प्रत्येक रात्रीचा हिशेब मांडला होता. अंती जो कर वाचला, त्यात आम्ही तिघे एकदा थाळी जेवलो. मठ्ठ्याचे पैसे वेगळे पडले.

मग २०१७च्या डिसेंबरमध्ये नवा कायदा झाला आणि २०१८ ते २०२५ या आठ वर्षांसाठी नोकरदारांच्या या सगळ्या वजावटी स्थगित झाल्या. स्थगित या शब्दावर माझा जीव जडला. स्थगित म्हणजे रद्द नव्हे, हे मी बायकोला अनेकदा पटवून दिले. २०२६ साली वजावट परत येईल तेव्हा मी तयार असलो पाहिजे, ही सवय मोडता कामा नये, अशा निर्धाराने मी आठही वर्षे पावत्या जमवत राहिलो. मध्यंतरी, ऑक्टोबर २०२४ पासून, दिवसाच्या जेवणाचा तो सरकारी दर ८० डॉलर झाला. बंद पडलेल्या दुकानातल्या मालाची किंमत वाढल्याचे वाचून मला कोण आनंद झाला! आणि ४ जुलै २०२५ रोजी, देशभर आतषबाजी चालू असताना, राष्ट्राध्यक्षांनी ज्या कायद्यावर सही केली त्याने ती स्थगिती कायमची केली. मी त्या रात्री डेन्व्हरला उतरत होतो. खाली सर्वदूर फटाके फुटत होते आणि माझे कॅप्टन म्हणाले, किती सुंदर दृश्य आहे.

माझ्या दुःखात भर घालायला शेजारचे राज्य आहे. डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया, आणि त्या राज्याच्या विवरणपत्रात नोकरीच्या खर्चासाठी 'यूई' नावाचे परिशिष्ट आजही जिवंत आहे. तिथे राहणारा माझा एक सहकारी दर मार्चला मला मुद्दाम त्याची आठवण करून देतो. राज्याचा कर सरसकट ३.०७ टक्के असल्यामुळे १०० डॉलरांच्या ड्राय क्लीनिंगवर त्याचे ३ डॉलर ७ सेंट वाचतात. रक्कम क्षुल्लक आहे हे मान्य, पण त्याच्या डब्याला अर्थ आहे आणि माझ्या डब्याला नाही, हे शल्य त्या सात सेंटांहून मोठे आहे.

आता राज्यांचा प्रश्न. नूआर्कहून लॉस एंजेलिसला जाताना मी पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा, नेब्रास्का अशी राज्ये ओलांडत जातो आणि प्रत्येक राज्याने 'आमच्या डोक्यावर तुम्ही चाळीस मिनिटे पगार मिळवला' म्हणून हात पुढे केला असता, तर मला उड्डाणापेक्षा विवरणपत्रांतच हवाई दलाइतके मनुष्यबळ लागले असते. सुदैवाने केंद्रीय कायद्याच्या ४९व्या शीर्षकात ४०११६ क्रमांकाचे कलम आहे. विमान कर्मचाऱ्याच्या पगारावर दोनच राज्ये कर लावू शकतात: एक, तो जिथला रहिवासी आहे ते, आणि दुसरे, जिथे तो ५० टक्क्यांहून अधिक पगार मिळवतो ते, आणि हे मोजायचे त्या राज्यातल्या नियोजित उड्डाणवेळेवरून. एकाच राज्यात घिरट्या घालणारा वैमानिक सोडला, तर हे दुसरे राज्य कोणाच्या वाट्याला सहसा येत नाही.

या कलमाचे नाव घरात काढायची मात्र सोय नाही. बायकोची नोकरी मॅनहॅटनमधली आहे. ती आठवड्यातले दोन दिवस एडिसनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून काम करते आणि त्या दोन दिवसांचाही कर न्यूयॉर्क राज्याला भरते, कारण घरून काम करणे ही मालकाची गरज नसून तुमची सोय असेल तर ते काम न्यूयॉर्कमध्येच झाले असे तिथला नियम धरतो. भरलेल्या कराची सवलत न्यू जर्सी देते, हे खरे. पण दोन विवरणपत्रे चुकत नाहीत. मी महिन्यातून चार वेळा न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळावर विमान उतरवतो आणि न्यूयॉर्कला एक सेंटही देत नाही. ती घराबाहेर पाऊल न टाकता न्यूयॉर्कची करदाती. "म्हणजे मी इथं बसून तिकडं, आणि तू तिकडं जाऊन इथं," एवढेच ती म्हणते आणि कुकरची शिट्टी काढून ठेवते.

तरीही एका वर्षी मी स्वतःच्या हाताने इलिनॉयला घरात घेतले. शिकागोचा बेस मिळाला तेव्हा नवा गणवेश टपालाने येणार होता. तो वेळेवर मिळावा म्हणून कंपनीच्या फॉर्मवर मी पत्ता क्रॅशपॅडचा लिहिला. पगार विभागाने त्यावरून मी इलिनॉयला स्थलांतरित झालो असा रीतसर निष्कर्ष काढला आणि सात महिने माझ्या पगारातून ४.९५ टक्के त्या राज्याला पाठवले. जानेवारीत डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा कंपनीने दिलेला दाखला, हाती आला तेव्हा तळाच्या राज्याच्या चौकटीत दोन नावे होती. काकांनी चहा मागवला. या वेळी बिस्किटेही आली. इलिनॉयकडून परतावा मागायचा, तर मी तिथला रहिवासी नाही आणि माझी निम्मी उड्डाणवेळही तिथली नाही, हे दाखवणे आले. आणि न्यू जर्सीचा कर तोपर्यंत पदरचा भरायचा.

तो शनिवार मला आठवतो. टेबलावर लॉगबुक, नकाशा आणि मुलाची भूमितीची पट्टी. शिकागोहून पश्चिमेला निघाले की वीसेक मिनिटांत मिसिसिपी नदी येते आणि इलिनॉय संपते, हे सोपे होते. पूर्वेला निघाले की लगेच मिशिगन सरोवर लागते, म्हणून मी तिथे पाच मिनिटे लिहिली. बायकोने फोनवर काहीतरी शोधले आणि शांतपणे म्हणाली, "राज्याची हद्द किनाऱ्याला संपत नाही, सरोवराच्या मध्यापर्यंत आहे." मी खोडून आठ केली. मग 'नियोजित' वेळ म्हणजे धावपट्टीकडे जाणाऱ्या रांगेत उभे राहिलेली मिनिटेही धरायची का, यावर आमचे वाजले. ओहेअरला बर्फ पडत असताना मी चाक न हलवता इलिनॉयमध्ये जेवढा पगार मिळवला आहे, तेवढा हवेत क्वचितच मिळवला असेल. रात्री अकरा वाजता बेरीज लागली. सगळे उदारपणे धरूनही इलिनॉयचा वाटा पन्नास सोडाच, वीस टक्क्यांच्याही आतच राहिला. परतावा आला. क्रॅशपॅडच्या पत्त्यावर आला.

या सगळ्यावरचा उपाय क्रॅशपॅडवर प्रत्येक जण सांगतो: पगारावर राज्याचा कर न लावणारी नऊ राज्ये आहेत, त्यांतले फ्लोरिडा किंवा टेक्सास गाठ. माझ्या खालच्या पलंगावरचा कॅप्टन टेक्सासचा आहे आणि विवरणपत्राविषयी तो कुत्र्याच्या फिरायला जाण्याविषयी बोलावे तितक्या सहजपणे बोलतो. मी मोहात पडून काकांना विचारले, की फ्लोरिडात एक छोटी खोली घेऊन तिथला वाहन परवाना काढला तर?

काका हसले आणि त्यांनी न्यूयॉर्कच्या तपासनिसांची पद्धत सांगितली. ते घर पाहतात, व्यवसाय पाहतात, तुम्ही कुठे किती दिवस काढले ते मोजतात, कुटुंब कुठे आहे ते पाहतात, आणि शिवाय तुमच्या जिवाभावाच्या वस्तू कुठे ठेवल्या आहेत ते विचारतात. या शेवटच्या कसोटीला धंद्यात 'टेडी बेअर टेस्ट' म्हणतात. माणूस कागदावर कुठेही जाईल, पण लहानपणचे अस्वल जिथे ठेवतो तिथेच त्याचे घर. "आणि असली नजर काही एकट्या न्यूयॉर्कला नसते," काका म्हणाले.

"आमच्याकडे अस्वल नाही," बायको म्हणाली. "देव्हारा आहे आणि मिसळणाचा डबा आहे. दोन्ही एडिसनलाच राहतील. तुला फ्लोरिडाला जायचं तर जा."

काकांनी पत्त्याच्या रकान्यात न्यू जर्सी लिहिले आणि पुढचे पान उलटले.

त्याच रात्री मी शिकागोला पोचलो. पहाटे पाच-चाळीसचे रिपोर्टिंग होते. अंधारात वरच्या पलंगावर चढताना उशाशी हात गेला आणि मी थबकलो. वैमानिकाचा परवाना मिळाला तेव्हा आईने दिलेली अंगठ्याएवढी पितळी गणपतीची मूर्ती गेली चार वर्षे त्या पलंगाच्या फळीवर, इलिनॉय राज्यात, ठेवलेली होती. मी टॉर्च लावला, मूर्ती रुमालात गुंडाळली आणि फ्लाइट बॅगेच्या आतल्या कप्प्यात लॉगबुकाच्या शेजारी ठेवली. खालून टेक्सासने झोपेतच विचारले, काही हरवले का. मी नाही म्हटले. तेव्हापासून गणपती माझ्याबरोबरच उडतो, आणि त्याची मिनिटेही मी मोजून ठेवली आहेत.